रॉबर्ट ब्राउन : संग्रहालयातील वनस्पतिशास्त्रज्ञ आणि नैसर्गिक वर्गीकरणाची जडणघडण

प्रस्तावना

महाराष्ट्रातील कोणत्याही माळरानावर वाढणारी रुई, औषधी म्हणून विकली जाणारी अनंतमूळ, रस्त्याकडेला लावलेली सातवीण, जंगलातील पांढरा कुडा आणि काळा कुडा या वनस्पतींमध्ये सामान्य माणसाला पांढरा चीक सोडल्यास फारसे साम्य दिसत नाही. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र त्यांच्या शास्त्रीय नावांत एक समान दुवा आढळतो. कॅलोट्रोपिस, हेमिडेस्मस, अल्स्टोनिया, होलऱ्हीना आणि राइटिया या पाचही प्रजातींची स्थापना रॉबर्ट ब्राउन या एकाच संशोधकाने केली. ब्राउन भारतात कधीही आले नाहीत. या वनस्पती त्यांनी पाहिल्या त्या प्रामुख्याने लंडनमधील एका घरात, कागदावर चिकटवलेल्या सुकलेल्या नमुन्यांच्या रूपात.

भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी ब्राउन यांचे नाव 'ब्राउनीय गती'पुरते मर्यादित करून टाकले आहे. जीवशास्त्राची पुस्तके पेशीकेंद्रकाच्या संदर्भात त्यांचा ओझरता उल्लेख करतात. त्यांच्या आयुष्यातील मुख्य काम याहून वेगळे होते. सुमारे अर्धशतक ते एका संग्रहाचे रक्षक होते आणि त्या संग्रहाच्या आधारे वनस्पतींचे वर्गीकरण करीत होते. एका श्रीमंत गृहस्थाचा खासगी संग्रह राष्ट्रीय संग्रहालयाचा स्वतंत्र विभाग कसा झाला, आणि त्या स्थित्यंतरात वर्गीकरणशास्त्राने काय मिळविले व काय गमावले, हे त्यांच्या कारकिर्दीच्या आधारे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सैन्यातील वैद्यक ते सागरी सफर

रॉबर्ट ब्राउन यांचा जन्म २१ डिसेंबर १७७३ रोजी स्कॉटलंडमधील माँट्रोझ या गावी एका धर्मोपदेशकाच्या घरात झाला. अॅबर्डीन येथील मारिशल कॉलेज आणि त्यानंतर एडिंबरो विद्यापीठ येथे त्यांचे शिक्षण झाले. एडिंबरोत त्यांनी वैद्यकाचा अभ्यास केला, परंतु पदवी घेतली नाही. पुढे ते फाइफशायर फेन्सिबल्स या सैन्यतुकडीत वैद्यकाचा साहाय्यक म्हणून दाखल झाले आणि तुकडीबरोबर आयर्लंडला गेले. तेथे फुरसतीचा वेळ भरपूर होता. सकाळी जर्मन व्याकरण, दुपारी शेवाळी व गवते असा त्यांचा क्रम होता असे दिसते. त्या काळात जर्मन भाषा शिकून घेण्याचा त्यांना पुढे मोठा उपयोग झाला. इंग्लंडमधील त्यांच्या बहुतेक समकालीनांना युरोपातील ताज्या संशोधनापर्यंत थेट पोहोचता येत नव्हते.

१७९८ मध्ये सैन्यभरतीच्या कामानिमित्त लंडनला आले असता सर जोसेफ बँक्स यांच्या सोहो स्क्वेअर येथील ग्रंथालयात त्यांचा प्रवेश झाला. कॅप्टन कुक यांच्या पहिल्या सफरीत सहभागी झालेले बँक्स त्या वेळी रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते आणि त्यांचे घर हे ब्रिटनमधील निसर्गअभ्यासाचे अनौपचारिक केंद्र बनले होते. मॅथ्यू फ्लिंडर्स यांच्या नेतृत्वाखाली 'इन्व्हेस्टिगेटर' जहाज ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याची मोजणी करण्यासाठी पाठविण्याचे ठरले, तेव्हा मंगो पार्क यांनी नकार दिल्यावर बँक्स यांनी डिसेंबर १८०० मध्ये निसर्गवैज्ञानिकाचे पद ब्राउन यांना देऊ केले. जुलै १८०१ मध्ये जहाज निघाले. चित्रकार फर्डिनंड बाउअर आणि माळी पीटर गुड हे ब्राउन यांचे सहकारी होते.

डिसेंबर १८०१ मध्ये जहाज ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य टोकावरील किंग जॉर्ज साउंड येथे पोहोचले. तेथील सुमारे तीन आठवड्यांच्या मुक्कामात ब्राउन यांनी जवळपास ५०० जाती गोळा केल्या आणि त्यांतील बहुसंख्य शास्त्राला अपरिचित होत्या. पुढे जहाजाने संपूर्ण खंडाला प्रदक्षिणा घातली. परंतु उत्तरेकडील कार्पेंटेरियाच्या आखातात तपासणी केली असता जहाजाची लाकडे कुजल्याचे उघड झाले आणि जून १८०३ मध्ये सिडनीला परतावे लागले. त्याच महिन्यात पीटर गुड यांचा आमांशाने मृत्यू झाला.

याच ठिकाणी वनस्पतिसंग्रहाच्या इतिहासातील एक कटू प्रसंग घडला. फ्लिंडर्स दुसऱ्या जहाजासाठी इंग्लंडकडे निघाले ते 'पॉरपॉइझ' या जहाजातून. ऑगस्ट १८०३ मध्ये ते प्रवाळखडकावर आदळून फुटले आणि त्याबरोबर ब्राउन यांच्या नमुन्यांचा एक भाग तसेच गुड यांनी जोपासलेली जिवंत रोपे नष्ट झाली. फ्लिंडर्स वाचले, पण पुढे मॉरिशस बेटावर फ्रेंचांच्या कैदेत अडकले आणि त्यांची सुटका १८१० मध्येच झाली. ब्राउन व बाउअर मागे राहिले होते म्हणून उर्वरित संग्रह बचावला. टास्मानियात आणखी संकलन करून ब्राउन ऑक्टोबर १८०५ मध्ये डागडुजी केलेल्या त्याच 'इन्व्हेस्टिगेटर'मधून लिव्हरपूल बंदरात उतरले. त्यांच्याजवळ साडेतीन ते चार हजार जातींचे नमुने होते. ज्यांच्या भूमीतून हे नमुने गोळा झाले, त्या आदिवासी समाजांना या वनस्पतींची नावे आणि उपयोग हजारो वर्षांपासून ठाऊक होते. ते ज्ञान मात्र या पेट्यांबरोबर फार थोडे आले. तत्कालीन वर्गीकरणशास्त्राला त्याची गरज वाटली नाही, ही या इतिहासाची दुसरी बाजू आहे.

'प्रॉड्रोमस' आणि पद्धतीची निवड

पुढील पाच वर्षे ब्राउन यांनी या नमुन्यांवर काम केले. नौदल खात्याकडून त्यांना वेतन मिळत होते आणि १८०६ पासून ते लंडनच्या लिनियन सोसायटीचे कारकून, ग्रंथपाल आणि वास्तुरक्षक या तिन्ही कामांची जबाबदारी पाहत होते. त्यांच्यापुढचा प्रश्न केवळ वर्णनांचा नव्हता. एवढ्या अपरिचित वनस्पतींची मांडणी कोणत्या तत्त्वावर करावी, हा खरा प्रश्न होता.

ब्रिटनमध्ये त्या वेळी लिनीअस यांच्या लैंगिक पद्धतीला जवळजवळ धर्मग्रंथाचे स्थान होते. लिनीअस यांचा मूळ संग्रह जेम्स एडवर्ड स्मिथ यांनी १७८४ मध्ये विकत घेऊन लंडनला आणला होता आणि १७८८ मध्ये स्थापन झालेल्या लिनियन सोसायटीचे ते संस्थापक-अध्यक्ष होते. या पद्धतीत पुंकेसर व स्त्रीकेसर मोजून फुलाचा वर्ग ठरविला जात असे. शिकण्यास ती सोपी होती, नवख्या माणसालाही पुस्तक हातात घेऊन वनस्पती ओळखता येत असे. परंतु पुंकेसरांची संख्या हाच निकष मानल्यास एकमेकांशी नाते नसलेल्या वनस्पती एका वर्गात येतात आणि सख्ख्या भावंडांची ताटातूट होते. पॅरिसमध्ये आंत्वान लोराँ द ज्यूस्यू यांनी १७८९ मध्ये अनेक लक्षणांचा एकत्रित विचार करून वनस्पतींची नैसर्गिक कुले मांडली होती. इंग्लंड व फ्रान्स यांच्यातील युद्धाच्या काळात फ्रेंच पद्धतीचा पुरस्कार करणे ही साधी गोष्ट नव्हती.

लिनियन सोसायटीचा पगारी सेवक असूनही ब्राउन यांनी ज्यूस्यू यांचा मार्ग स्वीकारला. १८१० मध्ये त्यांचा 'प्रॉड्रोमस फ्लोरी नोव्ही हॉलंडी' हा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात ऑस्ट्रेलियातील सुमारे २,००० जातींचे वर्णन नैसर्गिक कुलांनुसार होते. ज्यूस्यू यांची कुले त्यांनी जशीच्या तशी उचलली नाहीत. अनेक कुलांच्या सीमा त्यांनी नव्याने आखल्या, काहींची फोड केली, आणि प्रत्येक ठिकाणी फुलाच्या व बीजकाच्या रचनेचा पुरावा दिला. ग्रंथाच्या २५० प्रती त्यांनी स्वखर्चाने छापल्या होत्या. त्यांपैकी तिसांहूनही कमी विकल्या गेल्या. निराश होऊन ब्राउन यांनी ग्रंथ विक्रीतून मागे घेतला आणि दुसरा खंड कधीच काढला नाही. हाती असलेला खंड पृष्ठ १४५ पासून सुरू होतो. त्याआधीची पृष्ठे प्रकाशात आलीच नाहीत. बाउअर यांच्या चित्रांचे पुस्तकही १५ चित्रांवर थांबले.

ब्रिटनने ज्याकडे पाठ फिरविली तो ग्रंथ जर्मनीने मात्र उचलून धरला. ओकेन यांनी आपल्या 'इसिस' नियतकालिकात तो पुनर्मुद्रित केला आणि नेस फॉन एझेनबेक यांनी १८२५ पासून ब्राउन यांच्या लेखनाचे जर्मन संकलन अनेक खंडांत प्रसिद्ध केले. स्वतः ब्राउन यांच्या मातृभाषेत असे संकलन निघाले ते त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ ते १८६८ या काळात.

श्रेयाचा प्रश्न

'प्रॉड्रोमस' छापला जात असतानाच ब्राउन यांना दुसऱ्या एका आघाताला सामोरे जावे लागले. जानेवारी १८०९ मध्ये त्यांनी लिनियन सोसायटीत प्रोटिएसी कुलावरील आपला विस्तृत निबंध वाचला. या दक्षिण गोलार्धातील कुलाची इतकी बारकाईची चिकित्सा यापूर्वी कोणी केली नव्हती. सोसायटीच्या नियतकालिकात निबंध छापून येण्यास मार्च १८१० उजाडले. दरम्यान १८०९ मध्येच जोसेफ नाइट या माळ्याच्या नावाने याच वनस्पतींच्या लागवडीविषयी एक पुस्तक निघाले. त्यातील वर्गीकरणाचा भाग रिचर्ड सॅलिस्बरी यांनी लिहिला होता आणि ब्राउन यांच्या वाचनाच्या वेळी ते उपस्थित होते. ऐकलेली माहिती स्मरणातून उतरवून, नावे बदलून त्यांनी आधी छापली, असा समकालीनांचा निष्कर्ष होता. सॅलिस्बरी यांच्यावर वनस्पतिशास्त्रज्ञांनी जवळजवळ बहिष्कार टाकला आणि त्यांनी दिलेली नावे वापरणे टाळले.

वर्गीकरणशास्त्रात आधी प्रसिद्ध झालेले नाव ग्राह्य, हा नियम पुढे संहिताबद्ध झाला. त्या नियमाच्या काटेकोर अंमलात ब्राउन यांची अनेक नावे बाद झाली असती. म्हणून नामसंहितेने काही नावांना खास संरक्षण दिले. न्यू साउथ वेल्स राज्याचे पुष्पचिन्ह असलेल्या वाराताची टेलोपिया ही प्रजाती अशाच संरक्षित नावांपैकी आहे. नियम आणि न्याय यांच्यात कधीकधी अंतर पडते आणि ते भरून काढण्यासाठी नियमातच तरतूद करावी लागते, हे या प्रकरणातून नामकरणाच्या अभ्यासकांना शिकावे लागले. ब्राउन यांच्या स्वभावावर मात्र त्याचा वेगळाच परिणाम झालेला दिसतो. आधीच सावध असलेला हा माणूस अधिकच मितभाषी झाला.

चिकाच्या वनस्पती : एका कुलाची फोड

भारतीय अभ्यासकांच्या दृष्टीने ब्राउन यांचे सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे रुई कुलावरील निबंध. ज्यूस्यू यांनी चीक असलेल्या या साऱ्या वनस्पती अॅपोसायनी या एकाच कुलात ठेवल्या होत्या. ब्राउन यांनी फुलाच्या आत पाहिले. रुईचे फूल हाती घेऊन पाहणाऱ्या कोणालाही मध्यभागी एक पाच कोनी टोपीसारखा भाग दिसतो. पुंकेसर आणि स्त्रीकेसराचा माथा यांच्या जोडणीतून तो बनलेला असतो. इतर फुलांतील पराग सुट्या भुकटीसारखा असतो, पण येथे तो मेणचट पुंजांत बांधलेला असतो आणि दोन पुंज एका गाठीला दोन पट्ट्यांनी जोडलेले असतात. कीटकाचा पाय त्या गाठीच्या फटीत अडकला की पुंजांची जोडी बाहेर ओढली जाते. ही रचना कण्हेर किंवा सातवीण यांच्या फुलांत नसते.

याच भेदाच्या आधारे ब्राउन यांनी १८१० मध्ये अॅस्क्लेपिएडी हे स्वतंत्र कुल मांडले. त्या अनुषंगाने त्यांनी दोन्ही गटांतील अनेक प्रजाती नव्याने निश्चित केल्या. मधुमेहावरील औषध म्हणून परिचित असलेल्या गुडमारची जिम्नेमा आणि बागेतील मेणफुलाची होया या प्रजातीही त्यांत येतात. सातविणीच्या प्रजातीला त्यांनी एडिंबरोचे प्राध्यापक चार्ल्स अॅल्स्टन यांचे, काळ्या कुड्याच्या प्रजातीला विल्यम राइट या वैद्याचे आणि होयाला टॉमस हॉय या माळ्याचे नाव दिले. मूळ नमुन्यांपैकी काही लिनीअस यांचे शिष्य योहान गेऱ्हार्ट कोनिग यांनी दक्षिण भारतातून बँक्स यांच्याकडे पाठविलेले होते. तरंगमपाडी व मद्रास परिसरात गोळा झालेली फांदी सोहो स्क्वेअरमध्ये भिजवून, उलगडून, भिंगाखाली कापली गेली, असा हा प्रवास होता.

बेंथॅम व हूकर यांच्या पद्धतीत हे कुल कायम राहिले. थिओडोर कुक यांच्या १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झालेल्या 'मुंबई इलाख्यातील वनस्पती' या ग्रंथातही ते स्वतंत्र आहे, आणि महाराष्ट्रातील महाविद्यालयांत कित्येक पिढ्यांनी रुईचे फूल कापून त्याची आकृती काढली ती याच कुलाचा नमुना म्हणून. जुन्नर परिसरातील डोंगरकड्यांवर उगवणारी आणि केवळ महाराष्ट्रात आढळणारी शिंदळ माकुडी ही दुर्मीळ वनस्पती याच गटातील आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र डीएनएच्या अभ्यासाने ब्राउन यांनी घातलेली सीमा पुसली. १९९८ च्या एपीजी वर्गीकरणापासून रुई कुल पुन्हा अॅपोसायनेसीमध्ये समाविष्ट झाले आहे. याचा अर्थ ब्राउन चुकले असा काढणे घाईचे ठरेल. परागपुंज असलेला गट हा एक नैसर्गिक गट आहे, हे त्यांचे निरीक्षण आजही टिकून आहे आणि हा गट आता उपकुल म्हणून मानला जातो. तो कण्हेर-सातविणीच्या कुळातूनच उत्क्रांत झाला असल्याने त्याला बाहेर काढले तर उरलेले कुल अपुरे राहते, एवढाच आक्षेप आहे. उत्क्रांतीची कल्पना प्रस्थापित होण्याच्या जवळजवळ ५० वर्षे आधी काम करणाऱ्या माणसाला हा आक्षेप सुचणे शक्य नव्हते.

खासगी घरातून राष्ट्रीय संग्रहालयात

१८१० मध्ये बँक्स यांचे ग्रंथपाल योनास ड्रायँडर यांचे निधन झाले आणि त्यांच्या जागी ब्राउन आले. जून १८२० मध्ये बँक्स यांचा मृत्यू झाला. मृत्युपत्रानुसार ब्राउन यांना वार्षिक २०० पौंड, सोहो स्क्वेअरच्या घराचा भाडेपट्टा आणि ग्रंथालय व वनस्पतिसंग्रह यांचा हयातभर उपभोग मिळाला. त्यांच्या पश्चात संग्रह ब्रिटिश म्युझियमकडे जावा, अथवा उभयपक्षी संमती झाल्यास त्यांच्या हयातीतही तो सोपविता यावा, अशी तरतूद होती. याच सुमारास एडिंबरो विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे अध्यासन त्यांच्यापुढे आले होते, ते त्यांनी स्वीकारले नाही. विद्यार्थ्यांपेक्षा त्यांना संग्रह प्रिय होता.

ब्राउन यांच्या हाती आलेला हा अधिकार असामान्य होता. त्यांनी इच्छा केली असती तर जगातील एक महत्त्वाचा वनस्पतिसंग्रह आणखी ३८ वर्षे एका खासगी घरात राहिला असता. ब्रिटिश म्युझियमची तेव्हाची स्थिती पाहता ते फारसे गैर ठरले नसते. हॅन्स स्लोन यांचा २६५ खंडांचा वनस्पतिसंग्रह १७५३ पासून तेथे होता, पण त्याची काळजी घेणारा वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हता. संग्रह दिला आणि तो कपाटात पडून राहिला, तर दान व्यर्थ, हे ब्राउन ओळखून होते. म्हणून विश्वस्तांशी वाटाघाटी करताना त्यांनी बँक्स संग्रहासाठी वेगळा विभाग, त्यावर स्वतःचा अधिकार आणि एक साहाय्यक यांचा आग्रह धरला. १८२७ मध्ये करार झाला. ब्राउन विभागप्रमुख झाले आणि जॉन जोसेफ बेनेट हे त्यांचे साहाय्यक. ब्रिटनमध्ये अभ्यासकांना खुला असलेला पहिला राष्ट्रीय वनस्पतिसंग्रह अशा रीतीने अस्तित्वात आला. १८३७ मध्ये संग्रहालयाच्या निसर्गविभागाची पुनर्रचना झाल्यावर स्लोन यांचा संग्रहही वनस्पती विभागाचा भाग बनला.

ब्राउन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गतीचे निरीक्षण याच वर्षातले आहे. १८२७ च्या उन्हाळ्यात ते क्लार्किया पुल्केला या फुलाचे परागकण साध्या एकभिंगी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. परागातून बाहेर पडलेले सूक्ष्म कण पाण्यात अखंड थरथरत असल्याचे त्यांना दिसले. कण जिवंत असल्यामुळे हलतात, हा पहिला स्वाभाविक तर्क होता. तो तपासण्यासाठी त्यांनी जे केले ते फक्त संग्रहालयातील माणसालाच सुचले असते. त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ सुकवून ठेवलेल्या, इतकेच नव्हे तर शंभर वर्षे जुन्या नमुन्यांचे पराग घेतले. तेही तसेच हलत होते. मग त्यांनी काच, खडक, धातू यांची पूड वापरली, इजिप्तमधील स्फिंक्सच्या दगडाचा तुकडाही त्यांत होता. गती सर्वत्र होती. कारण सांगण्याचा मोह त्यांनी टाळला. ते आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये मांडले आणि पेराँ यांनी प्रयोगांनी सिद्ध केले.

मौनाची किंमत

ब्राउन यांच्या लेखनाचे एक वैशिष्ट्य असे की, त्यांचे मोठे शोध लेखाच्या शीर्षकात कधीच सापडत नाहीत. सूचिपर्णी वृक्ष व सायकस यांची बीजके फळाच्या आवरणाविना उघडी असतात, हा प्रकटबीज वनस्पतींच्या स्वतंत्र अस्तित्वाचा पाया त्यांनी घातला तो किंगिया या एका ऑस्ट्रेलियन वनस्पतीवरील लेखात. पेशीतील केंद्रकाला ते नाव देऊन ते सर्वसाधारण घटक असल्याचे त्यांनी दाखविले ते १८३१ मध्ये वाचलेल्या, ऑर्किड व रुई कुलातील परागीभवनावरील निबंधात. केंद्रक त्यांच्या आधी इतरांनी, विशेषतः फ्रान्झ बाउअर यांनी, पाहिले व रेखाटलेही होते. त्याचे सार्वत्रिक महत्त्व ब्राउन यांनी ओळखले. शोध असे आडजागी ठेवण्याचा परिणाम व्हायचा तोच झाला. प्रकटबीजांचे वेगळेपण त्यांनी दाखवूनही बेंथॅम व हूकर यांनी १८६२ ते १८८३ या काळात प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत तो गट द्विदल आणि एकदल यांच्या मधोमध ठेवला, आणि भारतातील विद्यार्थी ही विसंगती दीर्घकाळ पाठ करीत राहिले.

चार्ल्स डार्विन यांनी आपल्या आठवणींत ब्राउन यांच्याविषयी आदर आणि हळहळ दोन्ही नोंदविली आहे. निरीक्षणातील अचूकपणा अजोड होता, पण चूक होण्याच्या धास्तीमुळे त्यांचे बरेचसे ज्ञान त्यांच्याबरोबरच गेले, असे डार्विन यांचे मत होते. 'बीगल' सफरीपूर्वी ते भेटावयास गेले असता ब्राउन यांनी त्यांना सूक्ष्मदर्शकातून काहीतरी दाखविले आणि ते काय आहे असे विचारताच ते आपले गुपित आहे, असे म्हणून विषय संपविला. अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट ज्यांना वनस्पतिशास्त्रज्ञांतील अग्रणी मानीत, त्या माणसाने आपल्या विद्वत्तेच्या तुलनेत फार थोडे प्रकाशित केले, ही वस्तुस्थिती आहे.

तथापि या मौनाकडे केवळ स्वभावदोष म्हणून पाहणे पुरेसे नाही. सॅलिस्बरी प्रकरण आणि 'प्रॉड्रोमस'ची विक्री यांचा अनुभव जमेस धरावा लागतो. शिवाय संग्रहरक्षकाचे पुष्कळसे काम मुळातच अदृश्य असते. नमुन्यावर लावलेली चिठ्ठी, दुसऱ्याच्या ग्रंथासाठी करून दिलेली ओळख, प्रवासी संशोधकाला दिलेली सूचना या कामांना लेखक नसतो. टॉमस हॉर्सफील्ड यांनी जावा बेटावर गोळा केलेल्या वनस्पतींचा ग्रंथ १८३८ मध्ये सुरू होऊन १८५२ मध्ये पूर्ण झाला, त्यात ब्राउन व बेनेट यांचे श्रम आहेत. आफ्रिका, आर्क्टिक प्रदेश, सुमात्रा येथून आलेल्या संग्रहांवरील त्यांची परिशिष्टे इतरांच्या प्रवासवर्णनांच्या शेवटी छापलेली आहेत. सुमात्रातील रॅफ्लेसिया हे प्रचंड फूल शास्त्रीय जगात आले तेही त्यांच्याच वर्णनाद्वारे.

मृत्यू आणि त्यानंतर

रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक (१८३९) आणि लिनियन सोसायटीचे अध्यक्षपद (१८४९ ते १८५३) असे सन्मान ब्राउन यांना उत्तरायुष्यात मिळाले. १० जून १८५८ रोजी लंडनमधील सोहो भागातील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. संग्रहालयातील पद त्यांनी अखेरपर्यंत सोडले नव्हते.

त्यांच्या मृत्यूमुळे लिनियन सोसायटीची १७ जूनची सभा पुढे ढकलण्यात आली. कार्यकारिणीतील त्यांची रिक्त जागा भरण्यासाठी १ जुलै १८५८ रोजी खास सभा बोलावण्यात आली आणि नेमक्या याच सभेत डार्विन व वॉलेस यांचे नैसर्गिक निवडीवरील लेखन प्रथम वाचले गेले. जॉर्ज बेंथॅम यांनी त्या दिवशी वाचण्यासाठी तयार केलेला, जातींच्या स्थिरतेचे समर्थन करणारा निबंध मागे घेतला. ब्राउन यांनी कुले ठरविताना वापरलेल्या 'नात्या'चा अर्थ त्यांच्याच रिकाम्या खुर्चीच्या निमित्ताने जमलेल्या सभेत बदलू लागला होता.

संग्रहाचे भवितव्यही लगेच वादात सापडले. वनस्पती विभाग ब्रिटिश म्युझियममधून काढून क्यू येथील उद्यानाकडे द्यावा, असे निवेदन १८५८ मध्येच डार्विन, हक्सली, बेंथॅम प्रभृतींनी शासनाला दिले. जिवंत वनस्पती आणि सुके नमुने एकत्र असावेत, एकाच शहरात दोन मोठे संग्रह ठेवणे हा अपव्यय आहे, हा त्यांचा युक्तिवाद दुबळा नव्हता. तरीही १८२७ च्या कराराने निर्माण झालेला विभाग टिकला. ब्राउन यांच्यानंतर बेनेट प्रमुख झाले. १८८१ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथील नवे निसर्गविज्ञान संग्रहालय जनतेला खुले झाले आणि बँक्स, स्लोन यांचे संग्रह तेथे गेले. ब्राउन यांचा स्वतःचा ऑस्ट्रेलियन संग्रह त्यांनी बेनेट यांना दिला होता, तो १८७६ मध्ये संग्रहालयाकडे आला आणि त्यातील जादा नमुने इतर संस्थांना वाटण्यात आले. बेंथॅम यांच्या 'फ्लोरा ऑस्ट्रेलिएन्सिस'च्या (१८६३ ते १८७८) पानापानांवर ब्राउन यांच्या नमुन्यांचे उल्लेख आहेत. मूळ ग्रंथकाराने अर्धवट टाकलेले काम असे त्याच्या कागदांवरून दुसऱ्याने पूर्ण केले.

सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन विमानांच्या बॉम्बहल्ल्यात या संग्रहालयाच्या वनस्पती विभागाला आग लागली. बरेच नमुने जळाले, बरेच आग विझविताना भिजले. त्या ओल्या कागदांवर चीनमधून १७९३ मध्ये आणलेल्या, शिरीषाच्या प्रजातीतील एका वृक्षाच्या बियांना सुमारे १४७ वर्षांनंतर मोड आले.